कमी खर्चात जुने कागद आणि तांत्रिक ड्रॉइंग स्कॅन करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरातील एका फाउंड्रीत (धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) आरेखक होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरची दोन कपाटे पाण्यात गेली, तेव्हा उरलेली ड्रॉइंग वाचवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. पुढे ओळखीतून वाचनालये, गृहनिर्माण संस्था, लहान कारखाने आणि घरचे जुने दप्तर सांभाळणारी माणसे तेच ते प्रश्न विचारू लागली. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे पुन्हा न लिहिता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे तीन कपाटे भरून कागद आहेत आणि निधी अगदी थोडा आहे. आधी कोणता स्कॅनर घ्यावा?

आधी स्कॅनर घेऊ नये, आधी यादी करावी. स्कॅन करणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. कोणता कागद कशाचा, कोणत्या सालचा आणि कोठे ठेवलेला आहे हे लिहून काढणे कष्टाचे असते, पण त्याला वही आणि पेन्सिल यांपलीकडे खर्च येत नाही. यादीविना काढलेली हजारो चित्रे संगणकात नुसती पडून राहतात आणि ज्याला एक ड्रॉइंग हवे असते तो अखेर कपाटच उघडतो.

कागद ज्या क्रमाने सापडतील त्याच क्रमाने हाताळावेत. एका रुमालात किंवा एका फाइलमध्ये जे एकत्र बांधलेले असते, ते बहुधा कोणीतरी विचारपूर्वक एकत्र बांधलेले असते. ते विषयवार वेगळे करण्याचा मोह आवरावा, कारण मोडलेला क्रम पुन्हा लावता येत नाही. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्यावा, आतल्या प्रत्येक कागदाच्या पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलने अनुक्रमांक लिहावा (बॉलपेनने कधीही लिहू नये) आणि वहीत क्रमांक, विषय, साल, आकार व अवस्था एवढी नोंद करावी. हीच वही पुढे स्प्रेडशीटमध्ये उतरवली की तुमची सूची तयार होते.

२. सगळेच कागद स्कॅन करायला हवेत का?

नाही. ज्याची दुसरी प्रत कोठेही नाही, जे उलगडताना तुटते आहे आणि जे लोक वरचेवर मागतात, ते आधी घ्यावे. छापील कॅटलॉग किंवा राजपत्रे अन्यत्र मिळण्याची शक्यता असते, त्यामुळे ती शेवटी घेतली तरी चालतात. एकाच ड्रॉइंगच्या अनेक प्रती असतील तर मात्र निवड करण्यापूर्वी प्रश्न ८ वाचावा.

३. एकूण किती दिवस लागतील आणि पैसे कशावर खर्च करावेत?

दुसऱ्याचा अंदाज येथे उपयोगी पडत नाही. आपल्याच कपाटातले सरमिसळ १०० कागद घ्यावेत आणि टाचण्या काढण्यापासून फाइलला नाव देऊन तपासणी करेपर्यंतचा सगळा वेळ घड्याळ लावून मोजावा. त्यावरून पूर्ण कामाचा हिशेब बांधला तर तो फारसा चुकत नाही. पैशांतून दोन बाह्य हार्ड डिस्कची रक्कम सर्वांत आधी बाजूला काढावी, त्यानंतर मोठी ड्रॉइंग बाहेरून स्कॅन करून घेण्याची रक्कम धरावी आणि उरलेल्यात साधा ए-४ फ्लॅटबेड (सपाट काचेवर कागद ठेवायचा) स्कॅनर बसतो का ते पाहावे. सॉफ्टवेअरवर खर्च करण्याची गरज नाही. पाने सरळ करण्यासाठी स्कॅनटेलर, चित्रे सुधारण्यासाठी गिंप आणि मजकूर ओळखण्यासाठी टेसरॅक्ट ही तिन्ही मोफत मिळतात.

४. मोबाइलने काढलेले फोटो चालतील का?

ए-४ कागदाला चालतील, ए-३ ला जेमतेम चालतील, त्याहून मोठ्या ड्रॉइंगला चालणार नाहीत. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र साधारण ४००० × ३००० बिंदूंचे असते. ए-४ ची लांब बाजू २९७ मिमी म्हणजे ११.७ इंच असते, त्यामुळे कागद चौकटीत पुरेपूर बसवला तर इंचाला सुमारे ३४० बिंदू मिळतात. ए-३ ला हेच प्रमाण २४० वर येते आणि ए-१ ला केवळ १२० वर. एवढ्या कमी बिंदूंत बारीक लिहिलेले इंग्रजी तीन आणि आठ सारखेच दिसू लागतात, आणि ड्रॉइंगमध्ये तेवढ्याने काम बिघडते.

मोबाइल हातात न धरता स्टुलावर आडव्या पट्टीला पक्का बसवावा आणि कागद त्याच्या बरोबर खाली ठेवावा. मोबाइल कागदाला समांतर आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे : कागदाच्या मध्यभागी छोटा आरसा ठेवावा आणि आरशातले लेन्सचे प्रतिबिंब पडद्याच्या अगदी मध्यावर येईपर्यंत पट्टी हलवावी. दोन सारखे एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे, ४५ अंशांत लावावेत आणि खोलीतली ट्यूबलाइट बंद ठेवावी. कागद ‘स्वच्छ’ करून देणारी अॅप वापरू नयेत, कारण ती पार्श्वभूमी पांढरी करताना फिक्या पेन्सिलच्या रेषाही पुसून टाकतात.

५. किती डीपीआय ठेवावा? रंगीत स्कॅन करावे की कृष्णधवल?

डीपीआय म्हणजे इंचाला किती बिंदू. साध्या टंकलिखित किंवा छापील मजकुराला ३०० डीपीआय पुरतो. बारीक रेषांच्या ड्रॉइंगला ४०० ठेवावा, आणि अगदी लहान आकाराच्या पण भरगच्च तपशिलाच्या कागदाला ६००. याच्या वर गेल्यास फाइल फुगते, माहिती वाढत नाही.

रंगाच्या बाबतीत काटकसर करू नये. ज्या कागदावर शिक्का, लाल-निळी पेन्सिल, डाग किंवा फिकट शाई आहे तो रंगीतच स्कॅन करावा. निव्वळ काळे-पांढरे स्कॅन प्रत्येक बिंदू काळा की पांढरा हे त्याच क्षणी ठरवून टाकते, आणि त्या निर्णयात गेलेली फिकी रेषा पुन्हा मिळत नाही. ए-१ कागदाचे ३०० डीपीआयचे रंगीत चित्र दाबून लहान न करता सुमारे २०९ एमबी होते, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर अशी साडेचार हजारांहून अधिक ड्रॉइंग बसतात. तेव्हा जागेची भीती बाळगून रंग वगळण्याचे कारण उरत नाही.

६. ए-१ आणि ए-० आकाराची ड्रॉइंग कोठे आणि कशी स्कॅन करावीत?

ए-० कागद ८४१ मिमी रुंद असतो आणि प्लॉटरचे काम करणाऱ्या मोठ्या झेरॉक्स दुकानांत ३६ इंची, म्हणजे ९१४ मिमी रुंदीचा स्कॅनर असतो. यंत्र विकत घेण्यापेक्षा तेथे गठ्ठा नेऊन काम करून घेणे स्वस्त पडते. दर ठरवताना डीपीआय, रंग आणि फाइलचा प्रकार हे तिन्ही कागदावर लिहून द्यावे. अन्यथा २०० डीपीआयच्या काळ्या-पांढऱ्या पीडीएफ हातात पडतात.

हे स्कॅनर कागद रोलरमधून ओढतात. माझ्या हातून एकदा हेच दुर्लक्षित झाले. एका दुकानात गठ्ठा सोपवून मी चहाला गेलो आणि परत आलो तेव्हा जुन्या ट्रेसिंगची कड रोलरमध्ये अडकून तिचे दोन तुकडे झाले होते. कड फाटलेली असेल, कागद कडक झाला असेल किंवा घडीवर चिरला असेल तर तो पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवूनच आत घालावा आणि स्वतः तेथे उभे राहावे. वर्षानुवर्षे गुंडाळलेली ड्रॉइंग आदल्या दिवशी उलगडून, वर सपाट वजन ठेवून सैल करून न्यावीत.

रोलरमधून जाण्याच्या अवस्थेतच नसलेले ड्रॉइंग भाग भाग करून घ्यावे. शेजारच्या दोन भागांत सुमारे पाव भाग सामाईक राहील असे स्कॅन करून ते ह्यूजिन या मोफत सॉफ्टवेअरने जोडता येतात. असे जोडचित्र वाचण्यापुरते उत्तम असते, मापासाठी नव्हे.

७. आमची काही ड्रॉइंग निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांची आहेत, काहींवर निळ्या रेषा आहेत आणि काही कापडासारख्या कागदावर आहेत. सगळी एकाच पद्धतीने हाताळायची का?

नाही, हे तीन वेगळे पदार्थ आहेत आणि प्रत्येकाचे शत्रूही वेगळे आहेत.

निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा म्हणजे खरी ब्ल्यू प्रिंट. ही पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. तिच्यातला निळा रंग उजेडात फिका होतो, अंधारात ठेवल्यावर काही अंशी परत येतो, पण अल्कधर्मी पदार्थाचा स्पर्श त्याला सोसत नाही. त्यामुळे आम्लविरोधी म्हणून मिळणारे, चुनायुक्त कागदाचे फोल्डर इतर दप्तराला चांगले असले तरी ब्ल्यू प्रिंटसाठी वापरू नयेत.

पांढुरक्या कागदावर निळ्या किंवा जांभळट रेषा म्हणजे अमोनिया प्रिंट. ती उजेडात सर्वांत लवकर मरते. खिडकीजवळ टांगलेल्या प्रिंटच्या रेषा जातात आणि कागद पिवळा पडतो. ही ड्रॉइंग स्कॅनच्या रांगेत पुढे ठेवावीत, आणि त्यांतून निघणाऱ्या वाफांचा त्रास होतो म्हणून ब्ल्यू प्रिंटशी त्यांचा एकत्र गठ्ठा बांधू नये.

कापडी ट्रेसिंग म्हणजे स्टार्च दिलेले सुती कापड. शाईचे काम त्यावर दशकानुदशके काळेभोर राहते, पण पाणी लागले की स्टार्च धुऊन जातो आणि मलमलीसारखे लुळे कापड उरते. ओल्या फडक्याने ते पुसणे हा त्याचा नाश आहे. स्कॅन करताना ट्रेसिंगखाली पांढराशुभ्र कागद ठेवावा. याउलट, दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या पातळ कागदाखाली काळा कागद ठेवला तर मागची अक्षरे पुढे दिसत नाहीत.

फिक्या पडलेल्या निळ्या प्रिंट वाचनीय करण्याची एक युक्ती आहे : रंगीत स्कॅन करून गिंपमध्ये फक्त लाल चॅनेल (चित्रातला लाल रंगाचा थर) वेगळा काढावा. निळा रंग लाल प्रकाश शोषतो, म्हणून त्या चॅनेलमध्ये निळे सर्वांत गडद दिसते आणि गेलेल्या वाटणाऱ्या रेषा उठून येतात. मात्र त्याच चॅनेलमध्ये लाल पेन्सिलच्या दुरुस्त्या नाहीशा होतात, म्हणून मूळ रंगीत फाइल कधीही पुसू नये.

८. एकाच ड्रॉइंगच्या तीन प्रती आहेत. सर्वांत स्वच्छ प्रत स्कॅन केली तर पुरे ना?

पुरे नाही. हा निर्णय मी सर्वांत सावकाश घेतो. ऑफिसच्या फडताळातली स्वच्छ प्रत मूळ विचार दाखवते आणि शॉपमधली, म्हणजे कारखान्यात काम चालते तेथली, तेलकट, काळ्या बोटांची प्रत प्रत्यक्ष काय बनले ते दाखवते. आमच्या गठ्ठ्यात एका पंपाच्या बॉडीचे ड्रॉइंग होते. वरच्या प्रतीत फ्लँजची जाडी एक होती. खालच्या, ग्रीसने अर्धपारदर्शक झालेल्या प्रतीत ते माप लाल पेन्सिलने खोडून शेजारी दुसरे लिहिले होते, खाली तारीख होती आणि ‘कास्टिंग फुटते म्हणून’ एवढे तीन शब्द होते. ती दुरुस्ती दुसऱ्या कोणत्याही कागदावर नव्हती.

तेव्हा सर्व प्रती एकमेकींशेजारी पसराव्यात, टायटल ब्लॉकमधली (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या नाव-क्रमांकाच्या चौकटीतली) रिव्हिजन, म्हणजे कितवी सुधारणा ते, आणि तारीख पाहावी, आणि जिच्यावर हाताने काहीही लिहिले आहे ती प्रत रंगीत स्कॅन करावी. पाठही उलटून पाहावी. हिशेब, वजन आणि साच्याचे क्रमांक बऱ्याचदा पाठीवर असतात. अगदी हुबेहूब, काहीही न लिहिलेली जादा प्रत मात्र नुसती यादीत नोंदवून सोडून द्यावी.

९. स्कॅन केलेल्या चित्रावरून थेट माप घेता येईल का?

लिहिलेले माप असेल तर तेच धरावे, चित्रावरून मोजू नये. कागद दमट हवेत वाढतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो, तेही दोन्ही दिशांना सारखे नव्हे. शिवाय रोलरचा स्कॅनर ओढण्याच्या दिशेने थोडा फरक करतो. मोजण्यावाचून इलाज नसेल तर ड्रॉइंगवरची दोन ज्ञात मापे, एक आडवे आणि एक उभे, स्कॅनवर मोजून पाहावीत आणि दोन्ही दिशांचा गुणक वेगळा काढावा. स्वतः स्कॅन करताना कागदाशेजारी पोलादी पट्टी ठेवली तर हा ताळा कायमचा चित्रातच राहतो.

येथे फाउंड्रीच्या ड्रॉइंगचा एक अपवाद आहे, आणि तो भल्याभल्यांना चकवतो. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस थंड होताना फुटाला सुमारे १/८ इंच, म्हणजे जवळजवळ १ टक्का आक्रसतो, म्हणून पॅटर्नचे (ज्यावरून साचा करतात त्या नमुन्याचे) ड्रॉइंग तयार वस्तूपेक्षा तेवढे मोठे काढलेले असते. पॅटर्नचे आणि फिनिशचे ड्रॉइंग शेजारी ठेवून ‘एक स्कॅन ताणला गेला’ असा निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत. फरक सगळीकडे एकसारखा एक टक्क्याच्या आसपास असेल तर स्कॅनरला दोष देण्याआधी टायटल ब्लॉकमध्ये पॅटर्न हा शब्द आहे का ते पाहावे.

जमीन मोजणीच्या जुन्या टिपणांतही असाच घोटाळा होतो. तेथली साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे असतात. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. आण्यातले आकडे फूट समजून संगणकात भरले तर पुढचा सगळा नकाशा चुकतो. सूचीत मापाचे एकक हा रकाना म्हणूनच वेगळा ठेवावा.

१०. फाइलला नाव काय द्यावे?

यादीतला क्रमांक हेच नाव असावे : गठ्ठा, कागद, बाजू. उदाहरणार्थ ‘०१२-०४७-अ’ म्हणजे बाराव्या गठ्ठ्यातला सत्तेचाळिसावा कागद, पुढची बाजू. विषय, साल आणि वर्णन सूचीत लिहावे, नावात कोंबू नये. आकड्यांआधी शून्ये ठेवावीत, म्हणजे १० हा २ च्या आधी येत नाही.

११. जेपीजी, पीडीएफ की टिफ?

जपून ठेवण्यासाठी टिफ, लोकांना देण्यासाठी पीडीएफ. जेपीजी प्रत्येक वेळी सुधारून साठवताना काही तपशील गमावते आणि रेषांच्या कडांना धूसर ठिपके येतात, त्यामुळे ड्रॉइंगची मूळ फाइल म्हणून ती योग्य नाही. फोटो मोबाइलनेच काढलेले असतील तर मिळालेली जेपीजी जशीच्या तशी ठेवावी आणि दुरुस्ती तिच्या नकलेवर करावी. मजकुराच्या कागदांसाठी पीडीएफ-ए हा दीर्घकाळ जतनाचा प्रमाणित प्रकार वापरावा.

१२. स्कॅनमधला मराठी मजकूर शोधता येईल का? आणि मोडी कागदांचे काय?

छापील देवनागरी मजकूर टेसरॅक्ट बऱ्यापैकी ओळखतो. जोडाक्षरांत आणि जुन्या टाइपच्या छपाईत चुका राहतात, पण शोधण्यापुरते काम होते. हस्तलिखिताला त्याचा उपयोग नाही. तेथे सूचीतले दोन ओळींचे वर्णनच शोधाला उपयोगी पडते.

मोडीची गोष्ट निराळी आहे. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता लिहिले जात असल्यामुळे आणि शब्दांत अंतर सोडले जात नसल्यामुळे ती वाचायला माणूसच लागतो. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये (संगणकावरील लिप्यांच्या जागतिक प्रमाण संचात) स्थान आहे, म्हणजे वाचलेला मजकूर मोडीतच टंकित करता येतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. म्हणून मोडी कागद वाचता येत नाहीत या कारणाने मागे टाकू नयेत. चांगल्या प्रतीचे रंगीत स्कॅन करून ठेवावेत. वाचणारा मिळेल तेव्हा मूळ कागद पुन्हा उलगडावा लागणार नाही.

१३. स्कॅनवरून कॅड ड्रॉइंग आपोआप तयार होते का?

कॅड ड्रॉइंग म्हणजे संगणकावर मापांनिशी काढलेले ड्रॉइंग. स्कॅनवरून रेषा तयार होतात, ड्रॉइंग तयार होत नाही. आपोआप रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला डाग आणि रेषा यांतला भेद कळत नाही, वर्तुळाचे शंभर तुकडे होतात आणि आकडे नुसती चित्रे होऊन बसतात. ज्या भागाचे पुन्हा उत्पादन करायचे आहे तेवढेच ड्रॉइंग स्कॅन पार्श्वभूमीला ठेवून लिब्रेकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या मापांनी नव्याने काढावे. बाकीचे चित्र म्हणूनच राहू द्यावे.

१४. पुरात किंवा गळतीत कागद भिजले आहेत. आधी स्कॅन करावेत की वाळवावेत?

आधी वाळवावेत, आणि त्वरेने. सुमारे ४८ तासांत बुरशी धरू लागते. ओला गठ्ठा सुटा करण्यासाठी ओढाताण करू नये. जेवढे कागद सहज सुटतात तेवढे पंख्याखाली, उन्हात नव्हे, कोऱ्या टिपकागदावर पसरावेत. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या कागदाला लागते. एका दिवसात हाताळता येणार नाहीत एवढे कागद असतील तर ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवावेत. बुरशी तेथे थांबते आणि पुढे थोडे थोडे काढून वाळवता येतात. २०१९ मध्ये हे आम्हाला उशिरा कळले, आणि गुळगुळीत कागदाचे सगळे कॅटलॉग विटेसारखे एकसंध झाले. बुरशीचे कागद हाताळताना मास्क लावावा.

१५. फाटलेल्या कागदांना चिकटपट्टी लावावी का? लॅमिनेशन करावे का?

दोन्ही करू नये. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि लॅमिनेशन उकलता येत नाही. तुकडे पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात जुळवून ठेवावेत आणि तसेच स्कॅन करावेत. हात धुऊन कोरडे करून हाताळणे पुरेसे आहे; कापडी हातमोज्यांनी कड जाणवत नाही आणि कागद अधिक फाटतो.

१६. स्कॅन झाल्यावर मूळ कागद रद्दीत द्यावेत का? न्यायालयात स्कॅन चालतो ना?

खरेदीखत, मृत्युपत्र, मंजूर बांधकाम नकाशे, सभासदांच्या नोंदवह्या आणि सही-शिक्क्याचा कोणताही कागद टाकू नये. मूळ दस्तऐवज हा प्राथमिक पुरावा असतो आणि स्कॅनवरून काढलेली प्रत दुय्यम. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते (हॅशबद्दल प्रश्न १७ पाहावा). योग्य ताब्यातून आलेल्या ३० वर्षांहून जुन्या दस्तऐवजावरची सही आणि अक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते, पण हा लाभ मूळ कागदाचा आहे. वाद चालू असेल तर कोणताही कागद हलवण्यापूर्वी वकिलांना विचारावे.

जागाच नसेल तर ज्यांचे स्कॅन तपासून झाले आहेत अशा हुबेहूब जादा प्रती आधी कमी कराव्यात.

१७. फाइली कोठे ठेवाव्यात?

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. पूररेषेत राहणाऱ्यांनी तिसरी प्रत दुसऱ्या गावातल्या विश्वासू माणसाकडे ठेवावी. प्रत्येक फाइलचे शा-२५६ हॅश मूल्य (फाइलवरून संगणकाने काढलेला, तिच्या ठशासारखा अक्षर-अंकांचा क्रम) काढून यादीत ठेवावे. एक बिंदू बदलला तरी हे मूल्य बदलते, त्यामुळे वर्षातून एकदा ते पुन्हा काढून ताडले की खराब झालेली फाइल लगेच सापडते आणि दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करता येते. पेन ड्राइव्ह फाइली नेण्या-आणण्यासाठी ठीक आहे, जतनासाठी नाही. सूचीची एक छापील प्रत कपाटातच ठेवावी.

१८. हे सगळे इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करावे का?

सूची खुली करण्यास सहसा अडचण नसते, चित्रांबाबत मात्र एकेक पाहून ठरवावे. ड्रॉइंगवर कॉपीराइट असतो आणि व्यक्तीने केलेल्या कामाचा तो तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. गिऱ्हाइकाने दिलेल्या ड्रॉइंगवर त्याचा हक्क असू शकतो, ते आपल्या कपाटात पडून आहे म्हणून आपले होत नाही. हजेरीपट, पगारपत्रके आणि सभासदांचे अर्ज यांत लोकांचे पत्ते, सह्या आणि आजारपणाच्या नोंदी असतात. ते खुले न करता मागणाऱ्याला त्याचा स्वतःचा कागद तेवढा द्यावा. चालू इमारतीच्या वीज, पाणी व लिफ्टच्या ड्रॉइंगची प्रत दुरुस्तीवाल्याला जरूर द्यावी, पण कोणाला, कधी आणि कोणती दिली हे त्याच वहीत लिहून ठेवावे.